पंधरा माणसं नाहीत म्हणून ईपीएल विमा नको? न्यू जर्सीतल्या मराठी मंडळीच्या खजिनदारांना उत्तर

सलाम खजिनदारसाहेब. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात इथे मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. न्यू जर्सीत तुमची मराठी ख्रिस्ती मंडळी, रविवारी दुपारी एका अमेरिकन चर्चचं सभागृह भाड्याने घेऊन उपासना, मोठी-लहान मिळून शंभर-सव्वाशे माणसं. पाळकसाहेब सोलापूरकडून आर-१ म्हणजे धार्मिक कामासाठीच्या तात्पुरत्या व्हिसावर आणलेले, ऑफिसला एक बाई पार्टटाइम, कीबोर्ड वाजवणारा एक मुलगा ज्याला महिन्याला स्टायपेंड देता, आणि संडे स्कूल सांभाळणाऱ्या दोन ताई, एकीला पैसे मिळतात एकीला नाही. रिन्युअलच्या वेळी एजंटने एम्प्लॉयमेंट प्रॅक्टिसेस लायबिलिटी म्हणजे ईपीएलची (काढून टाकणं, भेदभाव, छळ यावरून कर्मचाऱ्यांनी केलेल्या दाव्यांचा विमा) ओळ दाखवली, वर्षाला नऊशे डॉलर जादा, आणि पंच कमिटीत दोन तट पडले. एक तट म्हणतो आपल्याकडे १५ माणसं नाहीत, कायदा लागूच होत नाही, आणि झाला तरी चर्चच्या कारभारात अमेरिकन कोर्ट पडत नाही. दुसरा म्हणतो घेऊन टाका, नऊशेत काय होतंय. आणि एकदम शेवटी, जाता जाता तुम्ही लिहिलंय की ऑफिसच्या बाईंनी मागच्या महिन्यात एका पंचांच्या बोलण्याबद्दल कमिटीला ईमेल केलाय, "पण तो वेगळा विषय आहे".

तो वेगळा विषय नाही हो. खरं तर तुमच्या प्रश्नातला तोच मुख्य विषय आहे, पण त्याच्याकडे शेवटी येतो कारण मधलं समजल्याशिवाय तो कळणार नाही.

मी बावीस वर्षं इथे कमर्शियल इन्शुरन्सचं काम करतो, त्यात चर्च बरीच आहेत, दोन मंदिरं आणि एक गुरुद्वारा पण आहे. वकील नाही, त्यामुळे कायद्याचं जे लिहितोय ते क्लेम बघून बघून अंगात मुरलेलं आहे, तुमच्या केसवरचा सल्ला नाही.

पहिला घोळ नावाचा. तुमच्या कमिटीतले एकजण म्हणाले की "आपल्याकडे एम्प्लॉयर्स लायबिलिटी आधीच आहे, वर्कर्स कॉम्पच्या पॉलिसीत लिहिलंय". बरोबर, लिहिलेलं असतं, वर्कर्स कॉम्प म्हणजे कामावर झालेल्या इजेची भरपाई देणारी पॉलिसी, तिचा तो दुसरा भाग. पण तो अंगाला झालेल्या इजेचा. ऑफिसच्या बाई जिन्यावरून पडल्या तर वर्कर्स कॉम्प, त्यातून पुढे काही दावा उभा राहिला तर एम्प्लॉयर्स लायबिलिटी. बाई म्हणाल्या की मला बाई म्हणून, वयामुळे, आजारपणामुळे काढलं, किंवा कुणी त्रास दिला आणि तक्रार केली म्हणून तास कमी केले, तर तिथे ही पॉलिसी एक पैसा देत नाही. नावं जुळ्या भावांसारखी आहेत आणि याच्यामुळे लोक फसतात, मी स्वतः पहिल्या वर्षी फसलोय.

दुसरा घोळ जनरल लायबिलिटीचा, म्हणजे बाहेरच्या कुणाला इजा किंवा नुकसान झालं तर लागणाऱ्या पॉलिसीचा. ज्यांचं सभागृह तुम्ही भाड्याने घेता त्यांना दरवर्षी जे सर्टिफिकेट देता ती ही पॉलिसी. लोकांना वाटतं दहा लाख डॉलरची लिमिट आहे म्हणजे कुणी कशावरही केस केली तरी चालेल. तुमची पॉलिसी काढा, मागच्या एंडॉर्समेंटच्या, म्हणजे जोडलेल्या अटींच्या पानांत "एम्प्लॉयमेंट रिलेटेड प्रॅक्टिसेस एक्स्क्लुजन" नावाचं एक पान बहुतेक सापडेलच. नोकरी न देणं, काढून टाकणं, छळ, बदनामी, भेदभाव, सगळं त्या एका पानाने बाहेर काढलेलं असतं. आणि बाकी पॉलिस्यांची लिमिट संपल्यावर लागणारी वरची अंब्रेला पॉलिसीही बऱ्याचदा ईपीएलवर छत्री धरत नाही, तेही विचारून घ्या. घरमालक चर्चच्या पॉलिसीचा तर काही संबंधच नाही, त्यांची माणसं त्यांची, तुमची तुमची.

आता ते १५ माणसांचं. हे खोटं नाही, अर्धवट आहे. १९६४ च्या सिव्हिल राइट्स अ‍ॅक्टचं टायटल सेव्हन (नोकरीतल्या भेदभावाचं प्रकरण) १५ कर्मचाऱ्यांपासून लागतं, अपंगत्वाचा एडीए पण १५, वयाचा कायदा २० पासून. पण हे झाले फेडरल कायदे. तुम्ही राहता न्यू जर्सीत. इथला लॉ अगेन्स्ट डिस्क्रिमिनेशन १९४५ चा आहे, म्हणजे फेडरल कायद्याच्या जवळजवळ वीस वर्षं आधीचा, आणि त्याला माणसं मोजायची सवय नाही, एक कर्मचारी असला तरी लागतो. कोर्टात जायला दोन वर्षं मुदत. त्यात अजून एक गोष्ट आहे जी पंच लोकांना मी मुद्दाम सांगतो, फेडरल टायटल सेव्हनमध्ये सहसा संस्थेवर दावा होतो, वैयक्तिक माणसावर नाही, पण इथल्या राज्याच्या कायद्यात सुपरवायझरने छळाला हातभार लावला म्हणून त्याला स्वतःला पण प्रतिवादी करता येतं. म्हणजे ज्या पंचांचं नाव ईमेलमध्ये आहे ते, आणि ते माहीत असून गप्प बसलेले, सगळ्यांची नावं कागदावर येऊ शकतात. शिवाय १९८६ चा तक्रारदार कर्मचाऱ्याला संरक्षण देणारा सीपा कायदा आहेच, एक वर्षाची मुदत, म्हणजे कुणी दानाच्या हिशेबातला घोळ दाखवला आणि महिनाभरात त्याला "तुमची सेवा आता पुरे" म्हटलं तर तो.

धार्मिक संस्थांना सूट आहेच. टायटल सेव्हनमध्येच लिहिलंय की चर्चने आपल्याच धर्माची माणसं कामाला ठेवली तर तो भेदभाव नाही, १९७२ मध्ये ती सूट चर्चच्या सगळ्या कामांना वाढवली आणि १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती उचलून धरली, ती केस तर मॉर्मन चर्चच्या एका जिममध्ये काम करणाऱ्या माणसाची होती. पण ही सूट धर्मापुरती. ख्रिस्ती नाही म्हणून घेतलं नाही, चालेल. बाई आहे म्हणून कमी पगार, नाही चालणार.

मोठी ढाल म्हणजे मिनिस्टिरियल एक्सेप्शन. पाळक, किंवा पाळकासारखं धार्मिक काम करणारा माणूस, त्याला ठेवायचा की काढायचा हे चर्च ठरवणार, सरकार नाही. २०१२ ला होसॅना-टेबर केसमध्ये सुप्रीम कोर्टाने नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी हे मान्य केलं. मिशिगनमधल्या एका लुथरन शाळेची शिक्षिका, झोपेच्या आजारामुळे रजेवर गेली, परत घ्यायला शाळा तयार नाही, तिने कायद्याची भाषा काढली, तिला काढलं. शाळा म्हणाली ती आमची "कॉल्ड" शिक्षिका, म्हणजे मिनिस्टर, धर्मसेवक. तिचं धार्मिक काम दिवसाला पंचेचाळीस मिनिटांचं होतं म्हणे, पण कोर्ट म्हणालं हे स्टॉपवॉच लावून ठरवायचं नसतं. मग २०२० मध्ये अवर लेडी ऑफ ग्वाडालुपे स्कूलच्या केसमध्ये सात विरुद्ध दोनने सांगितलं की पदाचं नाव काय याच्यापेक्षा माणूस काय काम करतो ते बघा. तुमच्या कमिटीतल्या पहिल्या तटाने बहुतेक एवढंच कुठेतरी वाचलंय आणि म्हणून ते निर्धास्त आहेत.

त्यांना एकच विचारा, त्या लुथरन शाळेत शिक्षिकेला काढलं कधी? २००५ ला. निकाल कधी लागला? जानेवारी २०१२. चर्च जिंकलं, पण सात वर्षांनी. वकिलाचं मीटर सात वर्षं चालू.

लांब कशाला, आपल्याच केनिलवर्थमधली सेंट थेरेसा स्कूलची केस घ्या. लग्न झालेलं नसताना गरोदर आहे म्हणून कॅथलिक शाळेने शिक्षिकेला २०१४ ला काढलं. खालच्या कोर्टात शाळेच्या बाजूने, अपिलात शाळेच्या विरुद्ध, परत वर, असं करत न्यू जर्सी सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२३ मध्ये शाळेच्या बाजूने निकाल दिला. नऊ वर्षं! आणि गंमत बघा, शाळा मिनिस्टिरियल एक्सेप्शनवर जिंकली नाही, राज्याच्या कायद्यातच धार्मिक संस्थांना आपल्या श्रद्धेच्या तत्त्वांप्रमाणे नोकरीचे निकष ठेवायची जी सवलत आहे तिच्यावर जिंकली, आणि त्यात मोठा आधार होता तो तिने कामावर असताना सही केलेल्या आचारसंहितेच्या कागदांचा. तुमच्याकडे असा सही केलेला एक तरी कागद आहे का? मला वाटत नाही. मराठी मंडळ्यांत तर "अहो, आपलीच माणसं आहेत, सही कसली मागायची" हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय की आता मी वाद घालत नाही, फॉर्म पुढे सरकवतो.

होसॅना-टेबरमध्ये अजून एक बारीक गोष्ट आहे, तळटीपेत आहे त्यामुळे कुणी वाचत नाही. कोर्ट म्हणालं की हा बचाव आहे, कोर्टाला अधिकारच नाही असं नाही. म्हणजे काय, तर केस दाखल होणार, समन्स येणार, वकील उभा करावा लागणार, मग तो वकील म्हणणार की साहेब ही व्यक्ती मिनिस्टर आहे, मग समोरचा म्हणणार नाही ती फक्त फोन घ्यायची आणि बुलेटिन छापायची, मग कामाचं स्वरूप काय होतं याच्यावर कागद आणि साक्षी. ढाल तुमच्याकडे आहे, पण ती उचलायला माणूस लागतो आणि तो तासावर पैसे घेतो. ईपीएल घ्यायचं ते मुख्यतः याच्यासाठी, नुकसानभरपाई नंतरची गोष्ट. म्हणून पॉलिसी घेताना "ड्यूटी टू डिफेंड" शब्द आहेत का ते आधी बघा, म्हणजे बचावाची जबाबदारी कंपनीची, तुम्ही आधी खर्च करून नंतर बिलं पाठवायची असं नको.

आणि ही ढाल सगळ्यांवर येत नाहीच. तुमचे पाळकसाहेब शंभर टक्के येतात. संडे स्कूलच्या ताई बहुधा येतील. कीबोर्डवाला येऊ शकतो, संगीताच्या लोकांना कोर्टांनी मिनिस्टर धरलेलं आहे. ऑफिसच्या बाई? हिशेब, फोन, सभागृहाचं बुकिंग? मी तरी त्या भरवशावर राहणार नाही. आणि छळाच्या तक्रारीत तर पाळकाच्या बाबतीतही कोर्टांचं एकमत नाही, शिकागोकडच्या सेव्हन्थ सर्किट या फेडरल अपील कोर्टाने २०२१ मध्ये मिनिस्टरचा असा दावा चालणार नाही म्हटलं, पश्चिमेकडच्या नाइन्थ सर्किटने २००४ मध्ये चालेल म्हटलं होतं. न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने तर २००२ मध्ये कॅमडेन डायोसीसच्या एका सेमिनरी विद्यार्थ्याच्या केसमध्ये सांगितलं की लैंगिक छळाचा दावा नुसतं धर्माचं नाव घेऊन दारातनं परत पाठवता येणार नाही.

आता पाळकसाहेबांचं, कारण हे आपल्या लोकांत वेगळं पडतं. एकेकाळी अमेरिकेतनं मिशनरी बोटीने मुंबईला आणि पुढे नगरला आले, आता नगर-सोलापूरचे पाळक विमानाने इकडे येतात, चांगलंच आहे, पण येतात आर-१ वर. जास्तीत जास्त पाच वर्षं, आणि स्पॉन्सर तुमची मंडळी. त्यांना काढलं तर इमिग्रेशनला १४ दिवसांत कळवावं लागतं, आणि एच-१बी वाल्यांना नोकरी गेल्यावर जी ६० दिवसांची सवड मिळते ती आर-१ ला नाही. म्हणजे तुमच्या कमिटीने एका रविवारी संध्याकाळी चिडून ठराव केला की त्या माणसाचं घर, मुलांची शाळा, देशातलं राहणं सगळं एकदम जातं. अशा वेळी माणूस वकिलाकडे जाणारच, तुम्ही-मी पण गेलो असतो. कामावरून काढण्याचा दावा कदाचित मिनिस्टिरियल एक्सेप्शनवर पडेल. पण "राहिलेला पगार आणि करारातलं तीन महिन्यांचं घरभाडं द्या" हा पैशाचा दावा वेगळा, आणि इथे लक्ष द्या, करारात कबूल केलेले पैसे ईपीएल भरत नाही. जे देणं आहे ते देणंच आहे. काही पॉलिसीत अशा दाव्याचा वकिलाचा खर्च देतात, भरपाई नाही.

पगाराचं पण तसंच. ओव्हरटाइम, किमान वेतन, तास कमी दाखवणं, हे जवळजवळ सगळ्या पॉलिसीत बाहेर, फार तर बचावासाठी एक छोटी रक्कम वेगळी ठेवलेली असते. ऑफिसच्या बाईंना तुम्ही वीस तासांचे पैसे देता आणि ख्रिसमसच्या आधी त्या चाळीस तास बसतात, "सेवा म्हणून". तिथे इन्शुरन्स उपयोगाचा नाही, तास लिहा आणि पैसे द्या, झालं. कीबोर्डवाल्या मुलाचं स्टायपेंड पण एकदा सीपीएला दाखवा. स्टायपेंड म्हटलं म्हणून तो व्हॉलंटियर राहत नाही, आणि १०९९ (कंत्राटदाराला देतात तो टॅक्स फॉर्म) दिला म्हणून कंत्राटदार होत नाही. पॉलिसीच्या बाजूने बघायचं तर इन्शुअर्डच्या व्याख्येत मंडळी, पंच, कर्मचारी आणि व्हॉलंटियर असे चारही शब्द आहेत का ते बघा. चर्चचं काम जास्त करणाऱ्या कंपन्यांचे, म्हणजे ब्रदरहूड म्युच्युअल, चर्च म्युच्युअल, गाइडवन वगैरे, फॉर्म साध्या दुकानाच्या फॉर्मपेक्षा इथे बरे असतात, कारण त्यांना माहीत असतं की चर्च पगारी माणसांवर चालत नाही. पण नावावर जाऊ नका, फॉर्म मागवून वाचा. मुलांच्या बाबतीतला गैरप्रकार किंवा समुपदेशनातला, ही कव्हरं वेगळी, ईपीएलमध्ये शोधू नका.

लिमिटबद्दल, तुम्हाला दाखवलंय एक लाख, पाच हजार रिटेन्शन. रिटेन्शन म्हणजे पहिले पाच हजार तुमच्या खिशातले, आणि बहुतेक ठिकाणी वकिलाचं पहिलं बिल आलं की ते मोजायला सुरुवात होते. विचारायचं ते हे की वकिलाचा खर्च लिमिटच्या आत आहे की बाहेर. आत असेल तर साठ हजार वकिलावर गेले की तडजोडीला चाळीसच उरतात. बाहेर असेल तर एक लाख पूर्ण. हा फरक नऊशेच्या प्रीमियमपेक्षा मोठा आहे आणि कोटेशनच्या पहिल्या पानावर तो दिसत नाही. फरक शंभर-दोनशे डॉलरचा असेल तर मी बाहेरवालं घेईन. तडजोडीबद्दल पण एक कलम असतं, कंपनी म्हणते वीस हजारात मिटवा आणि तुम्ही म्हणालात नाही आमच्या इज्जतीचा प्रश्न आहे, तर वीसच्या वरचं सगळं किंवा बरंचसं तुमच्या गळ्यात. हे कलम वाचून आत्ताच ठरवा की इज्जतीची किंमत किती धरायची, कारण क्लेम आल्यावर पंच कमिटीत हा वाद मी बघितलाय आणि तो बघवत नाही.

आता ज्याच्यामुळे सगळ्यात जास्त क्लेम नाकारले जाताना मी बघितलेत ते. ईपीएल क्लेम्स-मेड असते. जनरल लायबिलिटीत घटना कधी घडली ते महत्त्वाचं, इथे दावा कधी आला आणि तुम्ही कंपनीला कधी कळवलं ते महत्त्वाचं. आणि दावा म्हणजे कोर्टाचाच कागद लागतो असं नाही. वकिलाचं मागणीपत्र दावा होऊ शकतं. ईईओसीची, म्हणजे नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणाऱ्या फेडरल आयोगाची नोटीस दावा, कर्मचाऱ्याला तिथे जायला न्यू जर्सीत ३०० दिवस मिळतात. राज्याच्या सिव्हिल राइट्स डिव्हिजनची तक्रार दावा. माझ्याकडे नंतर आलेल्या एका चर्चची गोष्ट सांगतो, नाव नको. नोव्हेंबरमध्ये ईईओसीचं पाकीट आलं, सेक्रेटरींनी फाइलला लावलं, म्हणाले प्रार्थना करूया, प्रभू मार्ग काढेल. जानेवारीत पॉलिसी रिन्यू झाली, त्याच कंपनीत. मार्चमध्ये केस आली तेव्हा कळवलं. कंपनीने नाकारलं, दावा जुन्या पॉलिसीच्या काळात आला आणि त्या काळात कळवला नाही. दोन्ही वर्षांचा प्रीमियम भरलेला, तरी हातात शून्य. प्रार्थना जरूर करा, पण पाकिटाचा फोटो त्याच दिवशी एजंटला पाठवा. आणि पुढे कधी कंपनी बदललीत तर प्रायर अ‍ॅक्ट्सची तारीख, म्हणजे जिच्या आधीच्या घटना पॉलिसी धरत नाही ती, जुनीच ठेवायला सांगा, ती पुढे सरकली की मागची सगळी वर्षं उघडी पडतात.

तर आता तो ईमेल. ईपीएलच्या अर्जावर एक प्रश्न असतोच: ज्यातून दावा होऊ शकेल अशी कुठली गोष्ट तुम्हाला माहीत आहे का. तुम्हाला माहीत आहे. लेखी आहे, तारखेसकट, सगळ्या पंचांच्या इनबॉक्समध्ये. "नाही" लिहून सही केलीत तर पुढे पॉलिसीच रद्द होण्याचा धोका, आणि सही तुमची, खजिनदार म्हणून. "हो" लिहिलंत तर कंपनी बहुधा ती एक बाब वगळून बाकी पॉलिसी देईल, किंवा प्रीमियम वाढवेल, किंवा नाही म्हणेल. म्हणजे खरं सांगायचं तर या बाईंच्या प्रकरणासाठी तुम्हाला आता इन्शुरन्स मिळणार नाही, ती वेळ मागच्या महिन्यात गेली. तरी मी म्हणेन हो लिहा आणि घ्या, कारण पाळकसाहेब आहेत, ताई आहेत, पुढच्या वर्षी शनिवारची मराठी शाळा काढायचं पण तुमचं चाललंय असं तुम्ही लिहिलंय. आधीची एखादी डायरेक्टर्स अँड ऑफिसर्स पॉलिसी (पंचांच्या निर्णयांवरून होणाऱ्या दाव्यांची) असेल तर त्यात ईपीएलचा भाग जोडलेला आहे का ते आजच बघा, लहान चर्चमध्ये कधीकधी कुणालाच माहीत नसतं आणि ती असते. असेल तर तो ईमेल त्यांना लगेच कळवा.

आणि इन्शुरन्स मिळो न मिळो, रविवारच्या मीटिंगच्या आधी बाईंना उत्तर द्या. दोन ओळी पुरेत, तुमचा ईमेल मिळाला, आम्ही तो गांभीर्याने घेतोय, अमुक दोघं तुमच्याशी बोलतील. त्या दोघांत ज्या पंचांचं नाव आहे ते नकोत, त्यांचे मेहुणे पण नकोत, शक्यतो एक तरी बाई असावी. बोलणं झालं की तारीख घालून लिहून ठेवा. बाईंचे तास, पगार, ऑफिसची किल्ली, कशालाही तोपर्यंत हात लावू नका, भले ते बजेटमुळे असलं तरी, कारण ईईओसीकडे वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त तक्रारी सूड उगवल्याच्याच येतात आणि मूळ तक्रार टिकली नाही तरी सुडाची टिकते. तुम्ही लिहिलंय की मीटिंगच्या अजेंड्यावर "ऑफिस खर्चात कपात" हा विषय पण आहे. तो या वेळी काढून टाका.